सुटणारं लॉक : कोकणातल्या रोजच्या गाडीच्या डिफची पार्श्वभूमी

मे सरत आला की दापोली-गुहागरकडचं कोणी ना कोणी विचारतंच : नवी फोर बाय फोर घेतोय, मागच्या डिफला, म्हणजे डिफरन्शियलला, लॉक असलेली घेऊ की साधी चालेल? गाडी रोजची असते. सकाळी पोरं शाळेत सोडायची, मग बाजार, महिन्यातून एकदा घाट चढून कोल्हापूर किंवा पुणे, आणि जून ते सप्टेंबर घराकडची शेवटची पाणंद. डांबर वर्षभर, चिखल दोनशे मीटर. विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ते दोनशे मीटर असतात. मला मात्र आधी आंबोलीची वळणं आठवतात.

मागच्या ॲक्सलच्या मधोमध असोल्या नारळासारखा जो फुगवटा दिसतो, त्यात डिफरन्शियल बसतं, म्हणजे वळणात दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दात्यांची जुळणी. बैलगाडीला त्याची गरज कधीच पडली नाही. तिची दोन्ही चाकं कण्यावर आपापली फिरतात आणि ओढायचं काम बैल करतात. ओढायला जनावर नसेल आणि इंजिनालाच चाकं फिरवायची असतील, तर अडचण सुरू होते. दोन चाकांत दीड मीटर अंतर धरलं, तर घाटातल्या एका पूर्ण उलट वळणात बाहेरचं चाक आतल्यापेक्षा साधारण ४.७ मीटर जास्त चालतं. दोन्ही एकाच दांड्याला घट्ट जोडली, तर एकाला घसटत जावं लागेल. ओनेसिफोर पेक्योर या फ्रेंच यंत्रज्ञाने १८२७-२८च्या सुमारास आपल्या वाफेच्या गाडीसाठी यावर दात्यांची जी रचना काढली, तीच आजही साध्या डिफमध्ये आहे.

वळणासाठी दिलेली ही मोकळीक चिखलात नडते. ‘सगळी ताकद घसरणाऱ्या चाकाला जाते’ असं म्हणतात, ते तितकंसं बरोबर नाही. साधं डिफ दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. पण गटारात लोंबकळणाऱ्या चाकाला जोर झेपतोच कितीसा? तेवढाच दगडावरच्या चाकाच्याही वाट्याला येतो. एक चाक गरगरतं, दुसरं ढिम्म हलत नाही आणि गाडी जागेवर. लॉक लावलं की ही मोकळीक बंद होते आणि दोन्ही चाकं एकत्र फिरतात.

आपल्याकडची पहिली जीप या साध्या डिफसह आली. १९४१ पासून अमेरिकी सैन्यासाठी बनलेल्या विलीस जीपच्या पुढे-मागे कुठेही लॉक नव्हतं. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत विलीस जिपा जोडायला घेतल्या आणि पुढची काही दशकं कोकणात जीप म्हणजे त्याच घराण्यातली गाडी. तिच्यावर गावांनी वडाप चालवलं, सरकारी साहेब फिरले, आंब्याच्या पेट्या उतरल्या. लॉकशिवाय हे निभलं त्याला कारणं होती. गाडी हलकी, टायर अरुंद, लो गिअर दमदार. आणि मागे दहा-बारा माणसं बसलेली. एक चाक गेलं की ती उतरत, ढकलत आणि भाडं मात्र पूर्ण देत.

जुन्या ड्रायव्हरांची एक युक्ती होती : चाक गरगरू लागलं की ॲक्सिलरेटर न सोडता ब्रेक अर्धवट दाबायचा. गरगरणाऱ्या चाकाला अडवलं की त्याला फिरवायला जोर लागतो, आणि साधं डिफ तेवढाच जोर पलीकडच्या चाकालाही देतं. हँडब्रेकने हे साधत नसे, कारण त्या जिपांचा हँडब्रेक चाकांवर नव्हताच. तो डिफच्या अलीकडे, ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीतून) मागे निघणाऱ्या शाफ्टवर होता. तो ओढला की दोन्ही चाकांची वाट एकदम अडायची. आज मारुतीच्या जिम्नीसारख्या गाडीत सेन्सर बघून संगणक नेमक्या गरगरणाऱ्या चाकाचाच ब्रेक धरतो. युक्ती वडापवाल्यांचीच, फक्त पाय गेला आणि संगणक आला.

खरी लॉकं निघाली ती वेगवेगळ्या मुलखांच्या गरजेतून. शेतात ट्रॅक्टरचं एक चाक नांगराच्या तासात आणि दुसरं वर, म्हणून त्याला पायाने दाबायचं डिफलॉक आलं. पाय उचलला की ते सुटतं, नाही तर बांधावर ट्रॅक्टर वळणार कसा? शेतीसाठीच आखलेल्या युनिमॉग या जर्मन गाडीला १९४८ साली दोन्ही ॲक्सलना लॉक होतं. शर्यतवाल्यांची गरज निराळी. वळणातून बाहेर पडताना आतलं चाक फुकट फिरू नये म्हणून मोटारींचे अभियंते फर्डिनांड पोर्शे यांनी १९३०च्या दशकात ऑटो युनियन या जर्मन कंपनीच्या शर्यतीच्या मोटारींसाठी झेडएफ कंपनीकडून लिमिटेड स्लिप डिफ करवून घेतलं. ते पूर्ण लॉक होत नाही, घसरणीला नुसता आवर घालतं. अमेरिकेत डेट्रॉइट लॉकरची जात रुजली. ते एरवी लागलेलंच असतं, वळणात एक चाक पुढे पळू लागलं तरच त्या बाजूला सुटतं.

हे शेवटचं कोकणातल्या रोजच्या गाडीला बसवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. श्रावणात घाटाचा रस्ता ओला, त्यावर पाला आणि जांभ्याची लाल माती वाहून आलेली. अशा उतारावर वळणाच्या मध्यात पाय उचलला की हे लॉक खाडकन पकड बदलतं आणि मागची बाजू हिसका देते. सुक्या माळावर चालून जाईल. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी असताना नको.

रोजच्या वापरासाठी कामाच्या ठरल्या त्या दोन वाटा. एक ईटन कंपनीची. १९७३ साली जनरल मोटर्सच्या पिकअपसाठी तिने आणलेल्या लॉकमध्ये फिरती वजनं असतात. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला शंभरेक फेऱ्यांचा फरक पडला की लॉक आपोआप लागतं. गाडी ताशी साधारण तीसच्या वर असेल तर लागत नाही, आणि अडचण सरली की आपसूक सुटतं. ड्रायव्हरला काही करावं लागत नाही. पण त्याला काही करताही येत नाही. लॉक लागायला आधी चाक गरगरावं लागतं, आणि पाणंदीतल्या मऊ चिखलात तेवढ्या वेळात ते वीतभर खाली जातं.

दुसरी वाट स्विचची किंवा दांड्याची. एआरबी या ऑस्ट्रेलियन कंपनीने १९८७ साली रॉबर्ट्स डिफलॉकचे हक्क घेतले आणि त्यातून हवेच्या दाबावर चालणारं एअर लॉकर घडवलं. बटण लावलं की दोन्ही चाकं एक, बंद केलं की डिफ पुन्हा साधं. २०१४ पासून पावसाळ्यात गोव्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज या चिखल-जंगलातल्या फोर बाय फोर स्पर्धेची भारतीय फेरी होऊ लागली, तेव्हापासून सिंधुदुर्गातल्या हौशी पोरांच्या तोंडी एअर लॉकरचं नाव बसलं. स्पर्धकांच्या गाड्या ट्रेलरवरून येतात, हे मात्र ती पोरं विसरतात. रोजच्या गाडीला कॉम्प्रेसर, हवेची नळी आणि सील सांभाळावे लागतात, आणि खाऱ्या हवेत गंजायला काहीही निमित्त पुरतं.

कंपनीतूनच लॉक असलेली गाडी मिळणं आपल्याकडे अलीकडचं. २०१३च्या फोर्स गुरख्याला पुढे-मागे दोन्हीकडे हाताने लावायची लॉकं होती. त्या किमतीत असं दुसरं काही मिळत नव्हतं, तरी गाडी तशी कमीच दिसली. २०१५ साली महिंद्राच्या थारच्या मागच्या ॲक्सलला ईटनचं आपोआप लागणारं लॉक मिळालं. २०२०च्या थारमध्येही ते आहे, पण प्रत्येक आवृत्तीत नाही, तेव्हा बुकिंगआधी कागद वाचावा. २०२४च्या थार रॉक्सच्या वरच्या फोर बाय फोर आवृत्त्यांत बटणाचं इलेक्ट्रॉनिक लॉक आलं. रोज घाट आणि कधीमधी चिखल असेल, तर मला हेच सगळ्यात पटतं. चिखलात शिरण्याआधी लावावं, बाहेर पडल्यावर काढावं.

पुळणीवर मात्र कुठल्याच लॉकचा भरवसा धरू नये. मऊ वाळूत टायरमधली हवा निम्म्यावर आणली तर गाडी वर तरंगते. हवा न काढता लॉक लावून रेटलं, तर एकाऐवजी दोन चाकं खड्डा खणतात.

यंदा ज्याने विचारलं, त्याची पाणंद मी आधी बघून आलो. एका बाजूचा गडगा ढासळून माती मधोमध आली होती आणि पाण्याला वाट नव्हती. गडगा पुन्हा रचला, गटार उपसलं, दोन ब्रास खडी पडली. आता तिथून त्याच्या भावाची रिक्षासुद्धा जाते. लॉकवाल्या गाडीचं बुकिंग त्याने तरीही ठेवलंय.