गर्दीत जिंकतो कोण?

२० फेब्रुवारी २०१६ रोजी अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना राज्यात रिपब्लिकन पक्षाची प्रायमरी झाली. नोव्हेंबरच्या अध्यक्षीय निवडणुकीत पक्षातर्फे कोणी उभं राहायचं, हे अमेरिकेत पक्षश्रेष्ठी नव्हे तर मतदार ठरवतात. त्यासाठी राज्याराज्यात होणारं मतदान म्हणजे प्रायमरी. त्या वर्षी रिपब्लिकन पक्षात तब्बल १७ जण रिंगणात उतरले होते. साउथ कॅरोलिनापर्यंत सहा उरले. डोनाल्ड ट्रम्प यांना ३२.५ टक्के मतं मिळाली, मार्को रुबिओ यांना २२.५ आणि टेड क्रूझ यांना २२.३. पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे, राज्याच्या वाट्याचे ५० प्रतिनिधी मात्र सगळेच्या सगळे ट्रम्प यांच्याकडे गेले. २९ प्रतिनिधी राज्यात पहिल्या येणाऱ्याला आणि उरलेले २१ सात मतदारसंघांत पहिल्या येणाऱ्याला, प्रत्येकी तीन, असा तिथला नियम होता. ट्रम्प सगळीकडे पहिले आले.

यावरून ‘दोन तृतीयांश मतदारांना ट्रम्प नको होते’ असं तेव्हा बऱ्याच जणांनी म्हटलं. पण आकडे एवढंच सांगतात की ते दोन तृतीयांश मतदारांची पहिली पसंती नव्हते. रुबिओंना मत देणाऱ्याची दुसरी पसंती ट्रम्प होती की क्रूझ, हे मतपत्रिकेने विचारलंच नव्हतं. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉइटमधल्या काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, जागेसाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले, तेव्हा नऊ उमेदवार होते आणि ते साधारण २८ टक्के मतांवर जिंकले. दोन वर्षांनी, कमी उमेदवारांच्या लढतीत, त्यांना निम्म्याहून जास्त मतं पडली. मग २०२२ चे उरलेले ७२ टक्के त्यांच्या विरोधात होते असं कसं म्हणणार?

मतदाराला नुसती एक खूण करायला न सांगता पूर्ण पसंतीक्रम विचारला तर? एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मतदार १००, उमेदवार तीन. चाळीस जणांचा क्रम अ, क, ब. पस्तीस जणांचा ब, क, अ. उरलेल्या पंचवीस जणांचा क, ब, अ.

फक्त पहिली पसंती मोजली तर अ ४० मतांनी जिंकतो. शेवटच्याला बाद करून त्याची मतं पुढच्या पसंतीला द्यायची असं ठरवलं, तर क बाद होतो, त्याची २५ मतं ब कडे जातात आणि ब ६० विरुद्ध ४० असा जिंकतो. आता दोघादोघांची एकास एक लढत लावून पाहा. क अ ला ६०-४० ने हरवतो आणि ब ला ६५-३५ ने. म्हणजे विजेता क! मतदार तेच, मतपत्रिका त्याच, एकानेही मत बदललेलं नाही, तरी विजेते तीन.

एकास एक लढतीत सगळ्यांना हरवणारा तोच खरा विजेता, हा विचार फ्रेंच गणितज्ञ काँदोर्से याने १७८५ मध्ये मांडला. त्याचाच समकालीन बोर्डा याने क्रमांकाला गुण देण्याची पद्धत सुचवली होती. पहिल्याला दोन, दुसऱ्याला एक, शेवटच्याला शून्य. वरच्या उदाहरणात त्या हिशेबानेही १२५ गुण मिळवून क च पुढे येतो. बोर्डाच्या पद्धतीत एक खोट आहे. ज्याची भीती वाटते त्या तगड्या प्रतिस्पर्ध्याला मतदार मुद्दाम तळाला टाकू शकतो. काँदोर्सेची अडचण वेगळी. कधी कधी अ ब ला हरवतो, ब क ला आणि क पुन्हा अ ला, आणि विजेता सापडतच नाही.

पसंतीक्रमाची मोजणी आपल्याकडेही होते. विधान परिषदेच्या निवडणुकीत ‘पहिल्या पसंतीची मतं’ आणि ‘कोटा’ (जिंकायला लागणारी मतं) हे शब्द आपण ऐकतोच. पण सर्वांत रंगलेली मोजणी १९६९ च्या राष्ट्रपतिपदाची. पंधरा उमेदवार होते. खरी चुरस व्ही. व्ही. गिरी आणि नीलम संजीव रेड्डी यांच्यात. तिसरे होते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख, जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या पाठिंब्यावर. पहिल्या मोजणीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मतं मिळाली. कोटा ४,१८,१६९ चा. गिरींना १६,६५४ मतं कमी पडत होती. मागचे उमेदवार एकेक करून बाद झाले, शेवटी देशमुखही. त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती बहुतेक रेड्डींच्या नावावर होती. रेड्डी एकदम ४,०५,४२७ वर पोचले. गिरींच्या वाट्याला फारसं काही आलं नाही, तरी ते ४,२०,०७७ वर जाऊन कोटा ओलांडून बसले. जवळजवळ ८८ हजारांची आघाडी १४,६५० वर आली. एकच खूण करायची पद्धत असती तरी गिरीच जिंकले असते, पण लढत इतकी अटीतटीची होती हे कुणालाच कळलं नसतं.

२०२० ची डेमोक्रॅटिक प्रायमरी याहून गुंतागुंतीची. तिथे प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटतात, पण किमान १५ टक्के मतं मिळवणाऱ्यांनाच. न्यू हॅम्पशरमध्ये बर्नी सँडर्स २५.६, पीट बुटिजेज २४.३ आणि एमी क्लोबुशार १९.७ टक्क्यांवर होते. जो बायडन ८.४ वर, म्हणजे प्रतिनिधी शून्य. तिथली सुमारे तीस टक्के मतं कुणालाच प्रतिनिधी देऊ शकली नाहीत. पुढे साउथ कॅरोलिनात बायडन जिंकले, आणि १ व २ मार्चला बुटिजेज आणि क्लोबुशार यांनी माघार घेऊन त्यांना पाठिंबा दिला. ३ मार्चला १४ राज्यांत मतदान होतं, त्यातली दहा बायडन यांनी घेतली. दुसऱ्या पसंतीचं काम मतपत्रिकेऐवजी उमेदवारांनीच केलं, असं मला वाटतं. ज्यांनी टपालाने आधीच बुटिजेज यांना मत पाठवून दिलं होतं, त्यांची मतं फुकट गेली. २०१६ मध्ये रिपब्लिकनांना हे जमलं नव्हतं. प्रत्येक जण दुसऱ्याने माघार घेण्याची वाट पाहत राहिला. क्रूझ आणि त्या सहांतलेच जॉन केसिक मे महिन्यापर्यंत मैदानात होते.

मग निर्दोष पद्धत कोणती? केनेथ अॅरो या अर्थशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये दाखवून दिलं की उमेदवार तीन किंवा जास्त असतील, तर पसंतीक्रमावर चालणारी कोणतीही पद्धत काही साध्या, रास्त वाटणाऱ्या अटी एकाच वेळी पाळू शकत नाही. त्यातली एक अट अशी: अ आणि ब यांच्यात पुढे कोण, हे तिसरा क उभा आहे की नाही यावर अवलंबून नसावं. १९७२ मध्ये अॅरो यांना नोबेल मिळालं. या प्रमेयाचा आधार घेऊन ‘सगळ्याच पद्धती सदोष, मग आहे तीच बरी’ असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. दोन उमेदवार असताना एकच खूण पुरते. सतरा असताना ती मतदाराच्या मनातली बहुतेक माहिती फेकून देते.

२०२० मध्ये अलास्का, हवाई, कॅन्सस आणि वायोमिंग इथल्या डेमोक्रॅटांनी प्रायमरीत पसंतीक्रम वापरून पाहिला. १५ टक्क्यांखालचे उमेदवार एकेक करून बाद करायचे, त्यांची मतं पुढच्या पसंतीला द्यायची आणि उरलेले सगळे १५ टक्क्यांच्या वर गेले की थांबायचं. म्हणजे पन्नास टक्क्यांचा एक विजेता शोधायचाच नाही, मत वाया जाणार नाही एवढंच पाहायचं. प्रायमरीसाठी ही रचना मला फार चपखल वाटते. तिची खरी कसोटी मात्र लागली नाही. अलास्काचा निकाल आला तो ११ एप्रिलला आणि सँडर्स यांनी त्याच्या तीन दिवस आधीच प्रचार थांबवला होता.