ग्लीमधला कॉयर म्हणजे आपलं समूहगीत नव्हे, एकदाच नीट सांगते

परवा पुन्हा तेच झालं. रविवारी दुपारी मी ग्लीचा जुना एपिसोड लावून बसले होते आणि आत्या येऊन शेजारी बसली, पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "अगं हे आपलं समूहगीतच की, कपडे तेवढे भारी हाईत." हे वाक्य मी हॉस्टेलपासून ऐकत आलेय. मैत्रिणी म्हणायच्या, ऑफिसातले म्हणतात, आणि सगळ्यात जास्त राग येतो तो स्वतः ग्लीचे फॅन म्हणवणारे लोक म्हणतात तेव्हा, कारण सहाच्या सहा सीझन बघून, १२१ एपिसोड संपवूनसुद्धा ते नेमकं काय ऐकत होते असा प्रश्न पडतो.

समूहगीत काय असतं ते कोल्हापुरात शाळा शिकलेल्या कुणाला सांगायची गरज नाही. पांढरा ड्रेस नाहीतर नऊवारी, एक पेटी, एक तबला, समोर हातवारे करणाऱ्या बाई, बलसागर भारत होवो, आणि गॅदरिंगला पहिल्या रांगेत बसलेले पालक. २०२३ ला जय जय महाराष्ट्र माझा राज्यगीत झाल्यापासून तर प्रत्येक शाळेत रोज समूहगान आहेच. तेव्हा ते सोडून देऊ.

ग्ली ज्यांनी बघितलेलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. २००९ ते २०१५ फॉक्स चॅनलवर चाललेली अमेरिकन मालिका. ओहायो राज्यातल्या लायमा गावातली एक हायस्कूल, तिथला स्पॅनिश शिकवणारा मास्तर विल शूस्टर बंद पडत आलेला गाण्याचा क्लब, म्हणजे शाळेचा कॉयर, पुन्हा उभा करतो, क्लबचं नाव न्यू डायरेक्शन्स, आणि शाळेत ज्यांना कुणी विचारत नाही अशी पोरं त्यात येतात. चिअरलीडर्सची कोच सू सिल्व्हेस्टर हा क्लब मोडायला टपलेली. रेचल, कर्ट, मर्सिडीज, सँटाना, फिन, आर्टी. माझी फेव्हरेट सँटाना, यावर चर्चा नको.

आता किरकोळ फरक पटापट. ते नाचतात, आपण उभे राहतो, म्हणून त्याला शो कॉयर म्हणतात, नाच काढला तर नुसता कॉयर. ते पॉप गाणी गातात, आपण देशभक्तीपर. त्यांच्या स्पर्धा सेक्शनल्स, रीजनल्स, नॅशनल्स अशा चढत जातात, आपल्याकडे केंद्र, तालुका, जिल्हा, म्हणजे त्यात काही वेगळं नाहीच. आणि ते सगळं आधी स्टुडिओत रेकॉर्ड करून मग त्यावर ओठ हलवतात, हो, मालिका आहे ती, याच्यावर अर्धा तास वाद घालणारे लोक मला समजत नाहीत. आणखी एक, ग्ली म्हणजे अकापेला असं लिहिणं आता बंद करा. अकापेला म्हणजे वाद्यांशिवाय, ते डाल्टन अकॅडमीचे वॉर्बलर्स गातात, निळ्या ब्लेझरवाली पोरं. न्यू डायरेक्शन्सच्या मागे तर जवळजवळ कायम बँड असतो आणि पियानोवर ब्रॅड बसलेला असतो, तो दिसत नाही का तुम्हाला?

खरा घोळ पुढे आहे.

समूहगीतात पन्नास मुलं एकच चाल गातात. कॉयरमध्ये एकाच क्षणी, एकाच शब्दावर, वेगवेगळे गट वेगवेगळे स्वर गातात, यालाच हार्मनी म्हणतात. एवढंच. पण हे वाक्य सांगितलं की लोक मान हलवतात आणि त्यांच्या डोक्यात भलतंच काहीतरी बसतं, हा माझा आजवरचा अनुभव आहे, म्हणून काय काय हार्मनी नाही ते आधी सांगते.

मुलं एक ओळ म्हणणार, मुली दुसरी म्हणणार, मग दोघं मिळून ध्रुवपद म्हणणार, ही वाटणी झाली, हार्मनी नव्हे. शाहिराच्या मागे झीलकरी जी जी रं जी जी ओढतात तेही नव्हे, ते शाहिराचीच ओळ उचलून पुढे नेतात. आपल्याकडे शाहीर पिराजीराव सरनाईकांचं नाव घेतल्यावर कान पकडणारी माणसं आहेत, त्यांना झील म्हणजे काय ते मी काय सांगणार. भजनात बुवा म्हणतात आणि टाळकरी मागून तेच म्हणतात, तेही नव्हे. मुली वरच्या सप्तकात आणि मुलगे खालच्या सप्तकात गातात, इथे तर भलेभले फसतात, पण नाही, वरचा सा आणि खालचा सा हा सा-च आहे, चाल एकच राहिली. आणि गणपतीच्या आरतीला वीस जण वीस पट्ट्यांत गातात, त्याला तर अजिबात म्हणू नका. तिथे प्रत्येकाची पट्टी वेगळी असते. कॉयरमध्ये पट्टी सगळ्यांची एक असते, स्वर वेगळे असतात, आणि कुणी कुठल्या क्षणी कुठला स्वर लावायचा हे आधी बसून ठरवलेलं, लिहिलेलं असतं. पट्टी आणि स्वर यातला हा फरक ज्याला कळला त्याला पुढचं सगळं सोपं आहे.

घरात पेटी असेल तर काढा. सा धरा, दाबूनच ठेवा. आता तो न सोडता त्यावर ग दाबा. मग प. तिन्ही एकदम वाजतायत ना, तो जो भरलेला आवाज येतोय तो तिघांपैकी एकट्या कुणाचाच नाही. आता कल्पना करा की प्रत्येक स्वराच्या जागी दहा माणसं आहेत, आणि गाणं पुढे सरकेल तसे तिन्ही गट आपापल्या वाटेनं वेगळ्या स्वरांवर जातायत, कधी जवळ येतायत कधी लांब. हा कॉयर. चार गट असतात साधारण, सोप्रानो आणि आल्टो बायकांचे, टेनर आणि बास पुरुषांचे. मूळ चाल बहुतेक वेळा सोप्रानोकडे असते आणि बाकी तिघं जे गातात ते एकटं ऐकलं तर गाणं आहे असं वाटणारसुद्धा नाही. आल्टोवाल्या बिचाऱ्या कितीतरी वेळ दोन-तीन स्वरांतच फिरत असतात. पण त्या गप्प बसल्या की लगेच कळतं की काहीतरी गेलं.

ग्लीच्या पहिल्याच एपिसोडचा शेवट घ्या. जर्नी बँडचं १९८१ चं ते गाणं, डोन्ट स्टॉप बिलीव्हिन, सगळ्यांना माहितीय. मूळ गाणं पियानोवर सुरू होतं. ग्लीच्या आवृत्तीत ते पियानोचं काम पोरांचे गळे करतात, दा दा दा करत, आणि लोक ती सुरुवात पुढे ढकलून फिनच्या ओळीवर जातात, याच्यासारखा अन्याय नाही. तीच ऐका, हेडफोन लावून. पहिल्यांदा फक्त वरचा आवाज पकडा. दुसऱ्यांदा लावा आणि मुद्दाम खालचा शोधा. तिसऱ्यांदा मधला. मधला सापडायला वेळ लागतो, मला हॉस्टेलच्या गच्चीवर किती रात्री लागल्या, पण एकदा सापडला की मग तो परत हरवत नाही आणि त्यानंतर कुठलंच कॉयरचं गाणं पूर्वीसारखं ऐकू येत नाही. फिन आणि रेचल पुढे आहेत, पण मागे आर्टी, टीना, मर्सिडीज, कर्ट काहीतरी गातायत, ते सजावट म्हणून उभे केलेले नाहीत.

दुसरं उदाहरण २०११ च्या तिसऱ्या सीझनमधलं, अडेलच्या दोन गाण्यांचा मॅशअप, मर्सिडीज आणि सँटाना गातात तो, मालिकेतलं ते ३०० वं गाणं होतं. त्यात शेवटाकडे दोन वेगळी गाणी एकमेकांवर चढतात आणि तरी भांडत नाहीत. समूहगीतात हे शक्यच नाही कारण तिथे ओळ एकच असते. इथे प्लीज मेडलीला मॅशअप म्हणू नका, मेडली म्हणजे एक गाणं संपलं की दुसरं, आपल्याकडे ऑर्केस्ट्रात असतं ते.

आणि गंमत बघा, हे सगळं मालिकेच्या नावातच आहे. ग्ली या शब्दाचा अर्थ आनंद एवढाच लोकांना माहिती, पण अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये ग्ली हा गाण्याचा एक प्रकार होता, तीन किंवा जास्त आवाजांसाठी लिहिलेला, बहुतेक करून पुरुषांनी वाद्यांशिवाय गायचा, प्रत्येक आवाजाला वेगळी ओळ. ते गाण्यासाठी लोक जमायचे ते ग्ली क्लब. मग अमेरिकेतल्या कॉलेजांनी ते नाव उचललं, हार्वर्डचा ग्ली क्लब १८५८ चा आहे. म्हणजे वेगवेगळ्या ओळी एकत्र गाणं हे ग्ली क्लब या नावाच्या मुळाशीच आहे, आणि आपण त्यालाच एका चालीचं समूहगीत म्हणतोय.

आता कुणी म्हणेल मग आपलं संगीत कमी पडतं का. हा प्रश्न विचारणाऱ्याला मी कोल्हापुरात राहून काय उत्तर देणार, शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी गायक म्हणून ठेवलं ते हे गाव, देवल क्लबसारखी गाण्याची जुनी संस्था इथे आहे. कमी-जास्तीचा प्रश्नच नाही, रचनाच वेगळी आहे. आपलं गाणं एका ओळीत खोल जातं, एका स्वराकडे कसं यायचं, किती वेळ थांबायचं, कणस्वर कुठला, आणि राग म्हटला की काय घ्यायचं नाही हेही ठरलेलं. भूप घ्या, सा रे ग प ध, मध्यम आणि निषाद वर्ज्य. आता भूपातल्या चालीला कॉयरसारखी दुसरी ओळ जोडायची म्हणून सरळ दोन स्वर वर चालायला लागलात तर सा ला ग मिळेल, ग ला प मिळेल, पण रे ला मिळेल म, आणि प ला मिळेल नि. दोन्ही वर्ज्य. भूप गेला. म्हणून आपले गुरुजी असली दुसरी ओळ ऐकून कपाळाला हात लावतात आणि त्यांचं चुकत नाही, त्यांच्या कानाला राग मोडलेला ऐकू येतो. जोडायची असेल तर विचार करून, वर्ज्य स्वर टाळून लिहावी लागते, संगीतकार सलील चौधरींसारख्या माणसांनी तसं काम केलंय, कॉयर उभे केलेत. होत नाही असं नाही, पण आपोआप होत नाही.

वेगवेगळं एकत्र वाजवणं आपल्याला परकं आहे असंही मला अजिबात मान्य नाही. खासबागेत कुस्तीला हलगी, घुमकं, कैताळ वाजतं ना? हलगी वर कडकडत असते, घुमकं खाली आपला दम धरून, कैताळ मध्ये. तिघं एकच वाजवत नाहीत आणि एकाला काढलं की मैदान थंड पडतं. हेच सुरांत करा.

या फरकाचा त्रास कुठे होतो ते सांगते, नाहीतर म्हणाल नावावरून कशाला एवढं. गेल्या वर्षी माझ्या भाचीच्या शाळेचा ग्रुप एका स्पर्धेत उतरला. त्यांच्या नवीन बाईंनी हौसेनं शेवटच्या कडव्यात तीन मुलींना खालची ओळ दिली होती, माझी भाची त्यातली एक. महिनाभर घरात तेवढीच एक ओळ ऐकतोय आम्ही, चहा करताना, वेणी घालताना. स्टेजवर इतकं सुंदर बसलं की माझ्या अंगावर काटा आला. निकालाच्या कागदावर शेरा आला, तीन मुली शेवटी बेसूर. पोरगी रिक्षात रडत म्हणाली, "मावशी, मी बरोबर गायले होते गं." बरोबरच गायली होती. परीक्षकाला समूहगीत ऐकायचं होतं आणि त्यानं तेच ऐकलं, आणि त्या कानांना तीन मुली चाल सोडून गेल्या असंच वाटणार. स्पर्धेच्या नियमांत समूहगीत असेल तर तसं स्पष्ट लिहा, एक चाल, संपलं, आम्ही तसं बसवू. पण दोन्हीला एकच शब्द वापरायचा आणि मग पोरांचे मार्क कापायचे हे मला पटत नाही.

तोच घोळ कोरस या शब्दानं वाढवलाय. सिनेमाच्या गाण्यात मागे आवाज देणारे ते कोरस, गाण्याचं ध्रुवपद तेही कोरस, कॉयर तोही कोरस. मी घरात कोरस शब्द बंद केलाय. ध्रुवपदाला ध्रुवपद म्हणा, एका चालीला समूहगीत म्हणा, वेगळ्या ओळींना कॉयर म्हणा.

ग्लीवर माझंही सगळं प्रेम आंधळं नाही. रेचलला इतके सोलो दिलेत की कित्येक गाण्यांत बाकीचे मागे नुसते ऊ आ करत डोलतात, आणि स्पर्धेत उतरायला बारा जण लागतात म्हणून पहिल्या सीझनमध्ये माणसं शोधत फिरणारी मालिका त्या बारा जणांना गायला देतच नाही. कॉयर म्हणून ग्ली सगळ्यात खरी वाटते ती जिथे कुणी पुढे येत नाही तिथे. जुलै २०१३ मध्ये कोरी माँटीथ, आपला फिन, गेला. त्यानंतर त्याच्यासाठी केलेला एपिसोड सुरू होतो तो क्लबच्या एकत्र गाण्यानं, नाच नाही, काही नाही, नुसते उभे. प्रत्येकजण आपापला स्वर धरून आहे. तो एपिसोड मी दोनदाच बघू शकलेय.

आत्याला मी त्या रविवारी हे सगळं सांगत बसले नाही. पेटी काढली, भाचीला सा धरायला लावला, मी प धरला, आणि आत्याला म्हटलं तू फक्त ग लाव आणि काही झालं तरी आमच्याकडे सरकू नकोस. आत्या भजनी मंडळात तीस वर्षं गातेय, सूर पक्का. पहिल्या चार वेळा ती माझ्या प वर घसरली. पाचव्यांदा डोळे मिटून तिनं ग लावला आणि थांबली, आणि आम्ही तिघी तशाच राहिलो, दम संपेपर्यंत. डोळे उघडून म्हणाली, "आता परत लाव गं तुझं ते, मगाचचं."