बुजवलेली खिडकी आणि खिडकीपट्टीची दंतकथा

लंडनमधल्या व्हिक्टोरियन काळातल्या, भिंतीला भिंत लावून उभ्या असलेल्या विटांच्या घरांच्या भिंतीत कधीकधी खिडकीच्या मापाचा, विटांनी बंद असलेला उथळ कोनाडा दिसतो. तो पाहून कुणीतरी हमखास सांगतं, "खिडक्यांवर कर होता ना, म्हणून लोकांनी त्या बुजवून टाकल्या." कर खराच होता. आपल्या घरपट्टीसारखी खिडकीपट्टीच म्हणा. पण इंग्लंडमध्ये ती १६९६ साली लागली आणि १८५१ साली रद्द झाली. यातली बहुतेक घरं उभी राहिली ती त्यानंतर! नसलेला कर चुकवायला कोण कशाला विटा लावेल?

मग खिडकीच्या मापाचा तो उथळ कोनाडा कशासाठी? बहुतेकदा नुसत्या शोभेसाठी. कोपऱ्यावरच्या घराची बाजूची भिंत ओकीबोकी दिसू नये म्हणून. आत बऱ्याचदा तिथूनच शेकोटीचं धुराडं वर गेलेलं असतं. खरी खिडकी पाडायला जागाच नसते.

जवळ जाऊन पाहा. खिडकी मागाहून बुजवलेली असेल, तर विटांचा रंग सहसा वेगळा पडतो आणि कडेला सरळ उभा सांधा दिसतो. मुळातल्या कोनाड्यात वीट आजूबाजूचीच असते, थरही जुळतात. करापायी बुजवलेल्या खिडक्या आहेतही, पण त्या व्हिक्टोरियाआधीच्या, जॉर्जियन (साधारण १७१४ ते १८३७ मधल्या) घरांत शोधाव्यात. तिथेही बऱ्याच फसव्याच निघतात.