चेनचं मॉर्टायझर की चिझलचं? फरक खाचेच्या तळाशी आहे

नाशकात अंबडला एक मिस्त्री आहेत. देव्हारे आणि खुर्च्या करतात, हात एकदम साफ. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर त्यांचा फोन आला, "मशीन उतरवून घेतलं, पण पटाशी कुठं बसवायची तेच कळेना. खाली सायकलच्या चेनसारखं काहीतरी लोंबतंय."

जाऊन बघितलं. छातीएवढं उंच, बिडाचं, नवंकोरं चेन मॉर्टायझर, म्हणजे साखळीनं खाच पाडणारं मशीन. मिस्त्रींनी फोनवर ऑर्डर देताना "जमिनीवर उभं राहणारं मॉर्टायझर, दोन एचपी" एवढंच सांगितलं होतं, आणि दुकानदारानं शब्दाला जागून तेच पाठवलं होतं. त्याला तरी काय बोलणार? चेनचं काय, मिस्त्रींना हवं होतं ते चिझलचं काय, दोन्ही मशीनना मॉर्टायझरच म्हणतात. दोन्ही जमिनीवर उभी राहतात, दोन्हींचं डोकं हँडल ओढलं की खाली येतं, दोन्हींचं टेबल चाकं फिरवून पुढं-मागं आणि डावी-उजवीकडं सरकतं. लांबून फोटो बघितला तर मलाही पटकन सांगता येणार नाही. शिवाय दोन्हींचं काम एकच, लाकडात चौकोनी खाच पाडायची, म्हणजे दुसऱ्या लाकडाचं कुसू तिच्यात घट्ट बसेल. मॉर्टिस म्हणजे ती खाच, टेनन म्हणजे कुसू.

पण खाच पाडायची तऱ्हा दोघांची पार वेगळी.

चिझलच्या मशीनमध्ये एक चौकोनी, आतून पोकळ पटाशी, म्हणजेच चिझल, असते आणि तिच्या पोटात गिरमिट फिरतं. पटाशी स्वतः फिरत नाही. गिरमिट पुढं राहून गोल भोक पाडतं, मागोमाग येणारी पटाशी त्या गोलाचे चार कोपरे दाबून कापते. भुसा गिरमिटाच्या पिळातून वर चढतो आणि पटाशीच्या अंगावरच्या उभ्या खिडकीतून बाहेर पडतो. म्हणजे अर्धं काम मोटरचं आणि अर्धं तुमच्या खांद्याचं. हिशेब करून बघा. चौकोनात बसणारं गोल भोक त्या चौकोनाची साधारण 78 टक्के जागा खातं. उरलेले 21-22 टक्के कोपऱ्यांत असतात, आणि ते नुसत्या दाबानं तोडावे लागतात. 10 मिलिमीटरच्या पटाशीला हे कोपरे मिळून साधारण 21 चौरस मिलिमीटर भरतात. 25 मिलिमीटरच्या, म्हणजे जवळजवळ इंची पटाशीला 134. सहापटीहून जास्त. कोरड्या सागात इंची पटाशी घालायची म्हणजे हँडलला अक्षरशः लोंबकळावं लागतं ते यामुळं. मोटर कितीही मोठी घ्या, कोपरे ती कापत नाही.

चेनच्या मशीनमध्ये दाबाचा प्रश्नच येत नाही. एका पोलादी पट्टीभोवती दातेरी साखळी गरागरा फिरते आणि पट्टी सरळ लाकडात उतरते. झाडं तोडायच्या चेन सॉचाच प्रकार, फक्त उभा करून बांधलेला. जाड सागाच्या चौकटीत शंभर मिलिमीटर खोल खाच एका दमात पडते, आणि भुसा इतका उडतो की मशीनसमोर उभा असलेला माणूस दिसेनासा होतो. गार्ड काढून ठेवणारे महाभाग आहेत. त्यांच्या शेजारी उभं राहू नये.

मग सगळ्यांनी चेनचंच का घेऊ नये? खाचेच्या तळाकडं बघा.

पट्टीचं टोक अर्धगोल असतं, त्यामुळं खाचेचा तळही गोल निघतो. साखळीसकट पट्टी 40 मिलिमीटर रुंद धरा. म्हणजे टोकाची त्रिज्या 20. खाचेच्या मध्यावर जेवढी खोली मिळते, त्याहून कडेला 20 मिलिमीटर कमी. कुसू चौकोनी असतं. ते मध्यावर तळाला टेकायच्या आधीच कडेच्या गोलाईवर अडकतं. कडेलाही पूर्ण खोली हवी तर मध्यावर 20 मिलिमीटर जास्त खाली जावं लागतं.

मिस्त्रींच्या खुर्चीचा पाय 45 मिलिमीटर चौरस. बैठकीच्या पट्टीचं कुसू 30 मिलिमीटर लांब. कडेला 30 हवेत म्हणजे मध्यावर 50 जायचं. पाय 45 चा. आम्ही एका टाकाऊ तुकड्यावर करून बघितलं, आणि साखळीनं पलीकडच्या बाजूनं व्यवस्थित तोंड बाहेर काढलं. मिस्त्री थोडा वेळ त्या भोकातून माझ्याकडं बघत राहिले.

एवढ्यावर थांबत नाही. पट्टीच्या रुंदीपेक्षा आखूड खाच चेनला पाडताच येत नाही. देव्हाऱ्याच्या महिरपीखालच्या छोट्या पट्ट्यांना वीस मिलिमीटर लांबीची खाच पुरते, ती या मशीनवर विसरायची. साखळी ज्या बाजूनं लाकडातून वर येते, त्या बाजूचे रेषेही उचकटतात. मशीनला ते दाबून धरणारा ठोकळा असतो, पण तो झिजला की कुणी बदलत नाही.

आता हेच मशीन पाच बाय तीन इंची लाकडाच्या दाराच्या चौकटीवर लावा. खाच आरपार घ्यायची असली तर तळ उरतच नाही, पट्टी पलीकडं बाहेर निघून जाते आणि गोलाईचा विषयच मिटतो. आरपार नसली तरी एवढ्या जाड लाकडात 20 मिलिमीटर जास्त गेलं म्हणून काही बिघडत नाही. कडेचे उचकटलेले रेषे कुसूच्या खांद्याखाली झाकले जातात. दाराच्या जाडीत बसणाऱ्या कुलपाची, म्हणजे मॉर्टिस लॉकची, खाच अरुंद पण खोल लागते, आणि तळ गोल आहे का चौकोनी हे कुलपाला कळत नाही. दिवसाला दहा-वीस चौकटी काढणाऱ्यानं चिझलचं मशीन घेतलं तर त्याचा माणूस आठवड्यात खांदा धरून बसेल.

जुन्या नाशकात वाडे उतरवले की त्यांचे खांब आणि तुळया विकायला येतात. लाकूड असं की आता मिळणं मुश्कील. त्याच्यावर चेन चालवणार असाल तर आधी चुंबक फिरवा. आत गंजून बसलेला एखादा खिळा साखळीचे दात घेऊन जातो, आणि साखळीला धार लावणं घरचं काम नाही. प्रत्येक दात सारखा घासला गेला नाही तर पट्टी एका अंगाला ओढत जाते. एक जादा साखळी कपाटात ठेवायलाच हवी. पटाशीची धार मात्र आपल्याच हातात असते. आतल्या बाजूनं निमुळत्या दगडानं घासायची, बाहेरच्या चार बाजूंना फक्त पॉलिश. बाहेरून घासून चकचकीत केलेली पटाशी बघितली की माझं डोकं फिरतं. ती मापाला कमी होते, मग खाचेत रुतते, मग लाकूड सोडत नाही.

चिझलचं मशीन वाईट आहे असं म्हणणाऱ्या निम्म्या लोकांनी गिरमिट नीट बसवलेलंच नसतं. गिरमिटाचं टोक पटाशीच्या धारेपासून किंचित पुढं राहिलं पाहिजे. दोघं घासले तर मशीन किंचाळतं, धूर येतो, पोलाद निळं पडतं, आणि निळं पडलेली धार टिकत नाही. जुनी युक्ती अशी: पटाशीची मान आणि ती जिथं बसते ती मशीनची सॉकेट यांच्यामध्ये रुपयाचं नाणं धरून पटाशी बसवा. गिरमिट वर सरकवून पटाशीला टेकवा आणि ते धरणाऱ्या चकमध्ये आवळा. मग पटाशी सैल करून नाणं काढा आणि ती वर ढकलून आवळा. नाण्याच्या जाडीएवढी फट आपोआप मिळते. पटाशी फेन्सला, म्हणजे लाकूड जिला टेकवतो त्या मागच्या पट्टीला, गुण्यात (काटकोनात) आहे का ते बघा, नाहीतर खाचेच्या भिंतीला करवतीसारखे दात पडतील. खिडकी खाचेच्या लांबीच्या दिशेला, आधी पाडलेल्या भोकाकडं तोंड करून ठेवा. आणि भोकं एकाला एक लागून घेऊ नका. आधी दोन्ही टोकं, मग मधे पटाशीपेक्षा थोडी कमी जागा सोडत एकाआड एक, शेवटी मधे राहिलेले लाकडाचे पडदे. एका बाजूला पोकळ आणि एका बाजूला लाकूड असलं की पटाशी पोकळ बाजूला झुकते, आणि बारीक गिरमिट तिथंच मोडतं.

एकाच खांबावर चेन आणि चिझल दोन्ही असलेली मशीनही आपल्याकडं सर्रास मिळतात. चौकटीही करतो आणि पॅनलची दारंही, अशा कारखान्याला ती सोयीची. पण दोन्ही डोक्यांची टेबलशी काटकोनातली जुळणी तपासून घ्यावी लागते. एक बरोबर आणि दुसरं किंचित तिरकं असं मी दोनदा पाहिलंय. नुसतं फर्निचर करणाऱ्यानं "एकात दोन मिळतंय" म्हणून त्याच्या नादी लागू नये. चेनचा भाग धूळ खात पडतो आणि पैसे मात्र पूर्ण मोजलेले असतात.

बघायला जाताना आपलं लाकूड बरोबर न्या. दुकानातला मऊ पाइन कुठल्याही मशीनवर लोण्यासारखा कापला जातो. सागाच्या तुकड्यात एका बाजूनं अर्ध्यापर्यंत खाच घ्या. तुकडा असा उलटा की फेन्सला टेकलेली बाजू तीच राहील, आणि दुसऱ्या बाजूनं पाडून मधे भेटवा. दोन खाचा जुळल्या नाहीत, मधे पायरी आली किंवा भिंतीला बाक दिसला, तर डोकं सरळ उतरत नाहीये. चिझलच्या मशीनवर लाकूड वरून दाबून धरणारा पंजा हलवून बघा, कारण पटाशी बाहेर काढताना लाकूड तिच्याबरोबर वर यायला बघतं. पंजा लेचापेचा असेल तर बाकी सगळं चांगलं असून उपयोग नाही. विजेचंही आधी विचारा. दोन-तीन एचपीची उभी मशीन बहुधा थ्री फेजवर चालणारी असतात.

मिस्त्रींनी बदलून मागितलं ते चिझलचं, इंचापर्यंतची पटाशी घेणारं. फोनवर या वेळी मला बोलायला लावलं. आधीचं चेनचं सातपूरच्या एका चौकटवाल्याकडं गेलं. वाहतुकीचा खर्च मिस्त्रींनी सोसला. भोक पडलेला तो टाकाऊ तुकडा अजून त्यांच्या खिडकीत आहे. त्यात ते पेन्सिली उभ्या करून ठेवतात.