धाकटी पाती : कल्पित घराण्यांतल्या विसरलेल्या राजपुत्रामागचा इतिहास

फँटसी कादंबरीत किंवा गेममध्ये राजघराणं उभं केलं की एक धाकटा राजपुत्र ठरलेला असतो. थोरला युद्धावर, मधला कारस्थानात आणि हा गच्चीवर एकटा बसलेला. कुणी त्याला विचारत नाही, जेवणाच्या पंगतीत त्याचं पान शेवटी. मग एके दिवशी थोरले मरतात आणि मुकुट त्याच्या डोक्यावर येतो. मराठीत लिहिणारे हा साचा बाहेरून उचलतात. आटपाट नगरातल्या नावडतीच्या मुलाशी तो जुळतोही, म्हणून परका वाटत नाही. पण कहाणीतला मुलगा दुर्लक्षित असतो तो आईमुळे. इतिहासातल्या धाकट्याची गोष्ट निराळी आहे. त्याच्याकडे दुर्लक्ष होत नसे. त्याला राखून ठेवलेलं असे. त्याची नेमणूक, म्हणजे खर्चासाठी ठरवून दिलेली रक्कम, त्याचा पहारा, त्याला येणारी पत्रं यांवर दरबाराची नजर थोरल्यापेक्षा जास्त असे. हे ज्याला कळलं, त्याचं पात्र उभं राहतं. नाशिकच्या पन्नास-साठ मैलांच्या परिसरात यासाठी लागणारा बहुतेक सगळा कच्चा माल पडलेला आहे.

सर्वांत जुना धागा पांडवलेणीत. एकोणीस क्रमांकाच्या लेण्यातला छोटा लेख सांगतो की सातवाहन कुळातला कण्ह राजा असताना नाशिकच्या महामात्राने, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याने, हे लेणं करवलं. पुराणांप्रमाणे हा कण्ह, म्हणजे कृष्ण, घराण्याचा संस्थापक सिमुक याचा भाऊ. सिमुकाला २३ वर्षं दिलेली आहेत, कृष्णाला १८. गादी मुलाकडे न जाता आधी भावाकडे गेली, एवढी एक गोष्ट इथे पक्की धरावी. कल्पित घराणं रचताना वारसा भावाकडे की मुलाकडे, हा नियम पहिल्याच पानावर ठरवायला हवा. तो न ठरवता लिहायला बसलेल्यांचा धाकटा राजपुत्र पुढे सातव्या प्रकरणात अडकतो, कारण त्याचा हक्क नेमका किती हे खुद्द लेखकालाच माहीत नसतं.

जुन्नरजवळच्या नाणेघाटात याच घराण्याच्या माणसांचे पुतळे होते. पुतळे गेले, वरची नावं उरली. सिमुक, नायनिका आणि सातकर्णी, आणि मग कुमार भायाल, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. उरलेल्या नावांत कण्हाचं नाव नाही. भायालाचं तर ‘कुमार’ या पदवीपलीकडे काही कळत नाही. हकुसिरी थोडा नशीबवान. पांडवलेणीतल्या अठराव्या लेण्यात, म्हणजे चैत्यगृहात, महाहकुसिरीची नात भटपालिका हिचा दानलेख आहे आणि अभ्यासक या दोन नावांची सांगड घालतात. राजपुत्र उरला तो नातीचा आजा म्हणून.

यादवांबद्दल थोडक्यात. त्यांची सुरुवातीची ठाणी चांदवड आणि सिन्नर भागातली. अंजनेरीला शके १०६३ चा एक लेख आहे. त्यात यादव कुळातला सेउणदेव चंद्रप्रभ जिनालयाला दुकानं दान देतो आणि स्वतःला महासामंत, म्हणजे राजा नव्हे तर मोठा मांडलिक, म्हणवतो. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी त्यावरून तो घराण्याच्या धाकट्या फांदीतला असावा असा तर्क केला. दान दुकानांचं, गावांचं नाही. फांदी किती बारीक होती ते इथे दिसतं. धाकट्याच्या हातात काय काय देता येतं हे ठरवताना ही मोजपट्टी फार कामाची आहे.

मराठी राज्यात घराण्याच्या अशा फांदीसाठी ‘पाती’ हा शब्द रुळला. देवासला तुकोजी आणि जिवाजी पवार या भावांच्या थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या एकाच गावात शेजारी शेजारी चालल्या. भांडण मिटवण्याची ही एक रीत. महाग, पण रक्त न सांडणारी. कल्पित जगात ती फारशी कुणी वापरत नाही, याचं नवल वाटतं.

आता पेशवे. इथे थांबून बघण्यासारखं पुष्कळ आहे.

पहिल्या बाजीरावाचा भाऊ चिमाजीअप्पा हा यशस्वी धाकटा. १७३९ ची वसई त्याची. तो थोरल्याच्या सावलीत राहिला तरी त्याला स्वतःची मोहीम होती आणि स्वतःचा मुलगा सदाशिवराव कारभारात पुढे आला. हे सूत्र पुढच्या पिढीत बिघडलं. बाजीरावाचा धाकटा मुलगा रघुनाथराव याचा जन्म १७३४ चा, भाऊ नानासाहेबापेक्षा तो जवळजवळ चौदा वर्षांनी लहान. १७५८ मध्ये लाहोर घेतलं तेव्हा वय तेवीस. परतला तो मात्र सुमारे ८० लाखांचं कर्ज घेऊन, आणि पुढची उत्तरेची मोहीम सदाशिवरावभाऊकडे गेली. १७६१ मध्ये नानासाहेब वारले. पेशवेपदाची वस्त्रं साताऱ्याहून, छत्रपतींकडून यायची, ती सोळा वर्षांच्या माधवरावाला आली. सव्वीस वर्षांचा अनुभवी काका आणि सोळा वर्षांचा पुतण्या. फँटसीत भावाभावांची वैरं फार असतात, पण खरा पेच इथे पडतो. थोरला जिवंत असेपर्यंत धाकटा सोसतो. थोरल्याचं पोर गादीवर बसलं की त्याचं डोकं फिरतं.

नाशिकजवळचं चावंधस गाव रघुनाथरावाने आनंदवल्ली केलं आणि तिथे वाडा बांधला. आज ती गंगापूर रोडवरची वस्ती आहे आणि तिथल्या नवश्या गणपतीला आनंदीबाईने मुलासाठी नवस केल्याची आख्यायिका लोक सांगतात. नानासाहेबाची विधवा गोपिकाबाई पलीकडे गंगापूरला राहायची. दोन जावा एकाच नदीच्या काठी, मध्ये काही मैल! वाडा इथेच का, याचं उत्तर नकाशावर आहे. पुणं आजच्या रस्त्याने दोनशे किलोमीटरच्या आसपास. रोज पन्नास किलोमीटर काटणाऱ्या स्वाराला चार दिवस. रुसून बसायला पुरेसं लांब, बोलावणं यायला पुरेसं जवळ. फौज जमवायलाही जागा सोयीची. १७६८ मध्ये रघुनाथरावाने तेच केलं. माधवरावाने धोडप किल्ल्यापाशी त्याचा पराभव करून त्याला शनिवारवाड्यात अडकवलं.

नेमणुकीचे आकडे याहून बोलके आहेत. इंग्रज आणि पेशवे यांच्यातल्या १७७६ च्या पुरंदरच्या तहात रघुनाथरावासाठी ठरलं ते असं : राहणं गोदावरीकाठच्या कोपरगावी, दरमहा २५,००० रुपये रोख, स्वतः निवडलेले २०० नोकर आणि १,००० स्वार. स्वारांचा पगार पेशव्यांकडून. या शेवटच्या कलमाकडे नीट बघावं. पगार ज्याचा, माणूस त्याचा. हजार स्वार मान म्हणून दिले आणि पहारा म्हणूनही. नोकर मात्र त्याच्या पसंतीचे, म्हणजे घरात तो धनी आणि वेशीवर कैदी. रघुनाथरावाने ते मानलं नाही. १७८२ च्या सालबाईच्या तहात दरमहा २५,००० पुन्हा आले, आणि पुढच्याच वर्षी तो कोपरगावी वारला.

लिहिणाऱ्यांची पहिली चूक इथे होते. दुर्लक्षित राजपुत्राला ते गरीब करतात, फाटकी शाल, विझलेली शेगडी. वर्षाला तीन लाख ही गरिबी नव्हे. कमतरता असते ती खर्चावरच्या सहीची. पैसा रोख आणि दरमहा मिळतो, मुलूख मिळत नाही. मुलूख दिला तर वसूल येतो, वसुलातून शिबंदी, म्हणजे पगारी फौज, उभी राहते, शिबंदीतून बंड. रोख रक्कम कारकून एका फटक्यात थांबवू शकतो. तुमच्या कल्पित राजाने धाकट्याला परगणा तोडून दिला असेल तर तो एकतर भोळा आहे किंवा त्याला भाऊ दूर मरायला हवा आहे.

आणि आता खरा विसरलेला. रघुनाथराव वारल्यावर १७८४ मध्ये आनंदीबाईला मुलगा झाला, चिमाजीअप्पा. वसईवाल्या आजोबाच्या भावाचंच नाव. दोघांची गल्लत लिहिताना हमखास होते, म्हणून याला साल जोडूनच लिहावं. घरात थोरला दत्तक अमृतराव, मग १७७५ चा बाजीराव, म्हणजे दुसरा बाजीराव, आणि शेवटी हा. म्हणजे तिसरा, बापाचं तोंड न पाहिलेला. १७९३ मध्ये कुटुंब कोपरगावहून आनंदवल्लीला आणलं, कारण आनंदीबाईची तब्येत ढासळत होती. १७९४ मध्ये ती गेली. निजामाशी युद्धाची चिन्हं दिसू लागली तसं तिन्ही भावांना शिवनेरीवर नेऊन पहाऱ्यात ठेवलं. बाजीरावाने पहारेकऱ्यांपैकी एकाला फोडून तेव्हाचा पेशवा सवाई माधवराव, म्हणजे नारायणरावाचा मुलगा, याच्याशी चोरून पत्रव्यवहार केला, तो नाना फडणवीसाला कळला आणि पहारा आवळला गेला. पत्रं थोरल्याची, शिक्षा तिघांना.

ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव वारले. मग ज्याला कुणी मोजत नव्हतं त्याचा भाव वाढला. शिंद्यांचा कारभारी बाळोबा तात्या आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांनी मे १७९६ मध्ये बारा वर्षांच्या चिमाजीला सवाई माधवरावाच्या विधवा यशोदाबाईच्या मांडीवर दत्तक देऊन पेशवा केलं. नातं मांडून बघावं. चिमाजी हा नारायणरावाचा चुलतभाऊ, म्हणजे सवाई माधवरावाचा चुलता. स्वतःपेक्षा दहा वर्षांनी मोठ्या पुतण्याचा तो मुलगा झाला. भावाचा हक्क हिरावण्याला त्याने नकार दिला होता, पण सक्ती झाली, असं मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ नोंदवतो. डिसेंबरात बाजीराव गादीवर आला. दत्तविधान बेकायदा ठरलं, ते करणाऱ्या ब्राह्मणांना हाकललं आणि चिमाजीला प्रायश्चित्त घ्यावं लागलं. पुढे गुजरातची सुभेदारी त्याच्या नावाने झाली, ती नावापुरतीच.

मुकुट मिळणं म्हणजे कथेचा शेवट, ही दुसरी चूक. इथे गादी सुमारे सहा महिने टिकली आणि उतरण्याची रीतही ठरलेली होती : आधी विधी रद्द, मग विधी करणाऱ्यांना दंड, मग मुलाची शुद्धी, मग दूरचं बिनकामाचं पद. मुलाला मारायची गरज पडत नाही. तो मोठा झाल्यावर पुन्हा कुणाला तरी लागू शकतो, हे सगळ्यांना माहीत असतं. याच घरात १७७३ मध्ये नारायणरावाचा खून झाला होता आणि त्याची किंमत सगळ्यांनी पाहिली होती.

वयाचाही हिशेब चुकतो. पंचवीस वर्षांचा अविवाहित, एकटा राजपुत्र या समाजात बसत नाही. मुंज आठव्या वर्षाच्या सुमारास, लग्न लगेच त्यामागे. माधवराव आठ वर्षांचा असताना बोहल्यावर चढला, सवाई माधवराव नवव्या वर्षात. धाकट्याचं लग्न लांबवलं असेल तर ते मुद्दाम, कारण सासर म्हणजे फौज. तुमच्या जगात लग्न उशिरा होत असेल तर सासऱ्याची फौज कुठे आहे तेवढं तरी लिहावं.

राज्य बुडाल्यावर चिमाजीअप्पा काशीला राहिला. धाकट्या राजपुत्राच्या घरात भट, कारकून, पाणके, हुजरे असा गोतावळा असतो आणि धनी गेला की त्या सगळ्यांना दुसरं दार शोधावं लागतं. काशीत चिमाजीच्या पदरी मोरोपंत तांबे नावाचे गृहस्थ होते. तो गेल्यावर ते आपल्या मुलीला, मनूला, घेऊन बिठूरला बाजीरावाकडे गेले. तिथून ती झाशीला गेली.