लू लागून मृत्यू झाला तर ४ लाखांची मदत: ग्वाल्हेरमध्ये अर्ज कसा होतो

२०२५ पर्यंत केंद्राच्या यादीत १२ नैसर्गिक आपत्ती होत्या, त्यात लू (उन्हाळ्यातली उष्णतेची लाट) नव्हती. मध्य प्रदेश शासनाने मात्र तिला स्थानिक आपत्ती ठरवलं आणि २०२५ च्या उन्हाळ्यापासून लू लागून मृत्यू झाल्यास वारसाला ४ लाख रुपये मिळतात. प्रकरण चालतं राजस्व पुस्तक परिपत्र ६-४ (आपत्तीत मदत देण्याचा राज्याचा महसुली नियम) खाली. तहसीलमध्ये नुसतं ‘आरबीसी छह-चार’ म्हटलं तरी कळतं. उत्पन्नाची किंवा बीपीएल कार्डाची अट नाही. अट एकच, मृत्यूचं कारण लू आहे हे कागदावर यायला हवं.

नेमकं तिथेच बिनसतं. शवविच्छेदनात उष्माघाताची अशी खास खूण सापडत नाही. शरीराचं तापमान, बेशुद्धी किंवा बरळणं, आणि माणूस कुठे, किती वेळ उन्हात होता, यावरूनच डॉक्टर निष्कर्ष काढतात. तापमान ४० अंश किंवा वर आणि शुद्ध हरपलेली, हे उष्माघाताचं लक्षण. घरचे किंवा १०८ वाले वाटेत पाणी ओततात (ओतायलाच हवं, नोंदीसाठी थांबू नका), मग जयारोग्य रुग्णालयात पोहोचेपर्यंत पारा ३८ वर आलेला असतो. म्हणून केसपेपरवर सांगून लिहून घ्या: किती वाजता पडला, कुठे पडला, पाणी कधीपासून ओतलं.

मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्रात फक्त ‘हृदय व श्वसनक्रिया बंद’ एवढंच असेल, तर प्रकरण लंगडं. ते तर प्रत्येकाचंच बंद पडतं. मूळ कारणाच्या ओळीत उष्माघात हवा.

माणूस घरी किंवा रस्त्यात गेला तर थेट लक्ष्मीगंज मुक्तिधामला (स्मशानात) नेऊ नका. आधी ठाण्यात खबर, मग मर्ग (अकस्मात मृत्यूची पोलिसांतली नोंद), पंचनामा आणि पोस्टमार्टम. अंत्यसंस्कार उरकल्यावर पोस्टमार्टम करता येत नाही. मुरारला कोसळून जयारोग्यमध्ये मृत्यू झाला, तर दवाखान्याच्या हद्दीतलं ठाणं मर्ग शून्यावर (आपला क्रमांक न देता) कायम करून मूळ, म्हणजे माणूस कोसळला त्या हद्दीच्या ठाण्याकडे पाठवतं. या प्रवासात मर्गची डायरी (प्रकरणाचे कागद) अनेकदा रेंगाळते. मर्ग क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा, मूळ ठाण्यात स्वतः जाऊन विचारा.

अर्ज घटना घडली त्या हद्दीच्या तहसीलदाराकडे द्यायचा. सोबत मर्ग सूचना, पंचनामा, पोस्टमार्टम अहवाल, केसपेपर, मृत्यू प्रमाणपत्र (नोंद २१ दिवसांत करा), मयत आणि वारस दोघांचं आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेशातला रहिवाशांचा ओळख क्रमांक), वारसाचं बँक पासबुक आणि बाकीच्या वारसांचं संमती-शपथपत्र. पटवारी (तलाठी) घरी येऊन जबाब घेतो. तेव्हा उन्हात काम करताना पाहणारा एखादा शेजारी किंवा सोबतचा कामगार हजर ठेवा. त्या दिवसाचं हवामान खात्याचं कमाल तापमानही जोडा. मैदानी भागात ४५ अंश गाठले की हवामान खातं लू मानतं. त्यामुळे त्या आकड्याने बाजू भक्कम होते, पण एकट्याने भागत नाही.

ग्वाल्हेरमधल्या आपल्या मराठी घरांत एक अडचण ठरलेली. हिंदी कागदांवर ‘काळे’चं ‘काले’ होतं, ‘पळशीकर’चं ‘पलशीकर’. शिवाय मधलं वडिलांचं नाव एका कागदावर असतं, दुसऱ्यावर नसतं. अर्जात नाव आधारवर आहे तसंच लिहा. पासबुकात वेगळं असेल तर एकच व्यक्ती असल्याचं शपथपत्र पहिल्याच दिवशी लावा, कारण रक्कम खात्यात टाकताना नाव जुळलं नाही की प्रकरण परत फिरतं.

अर्ज देताना पावती घ्या. प्रकरण हललंच नाही तर १८१ वर (मुख्यमंत्री हेल्पलाइन) तक्रार नोंदवताना पावतीचा क्रमांक सांगता येतो.