टाकीतला ‘मेलेला’ खेकडा

पाळलेला खेकडा मेला असे समजून टाकीतून जे बाहेर फेकले जाते, ते पुष्कळदा त्याने नुकतेच उतरवलेले कवच असते. पाय, नांग्या, इतकेच नव्हे तर डोळ्यांवरचे आवरणही त्यात जसेच्या तसे असल्यामुळे पाहणाऱ्याची फसगत होते. खरा खेकडा त्या वेळी मऊ अंगाने एखाद्या दगडाखाली दडलेला असतो.

खेकड्याचे कवच त्याच्याबरोबर वाढत नाही, म्हणून ते बदलावेच लागते. डोळ्यांच्या देठांतील ग्रंथी एरवी कात टाकण्याला मज्जाव करणारे संप्रेरक स्रवत असते. त्याचे प्रमाण घटले की दुसऱ्या ग्रंथीजोडीतून कात टाकायला लावणारी एक्डायसोन-वर्गीय संप्रेरके वाढतात, जुन्या कवचातील काही कॅल्शियम रक्तात ओढले जाते आणि त्याखाली नव्या कवचाचा घड्या पडलेला थर तयार होतो. मग खेकडा पाणी शोषून फुगतो, कवच मागच्या बाजूने उकलते आणि तो मागच्या मागे बाहेर सरकतो. कल्ल्यांवरचे व जठराच्या पुढील भागाचे अस्तरही त्याबरोबर सुटते. नवे कवच ताठर होण्यापूर्वीच पाण्याच्या दाबाने ते ताणून घ्यायचे असते, कारण आकार वाढण्याची संधी तेवढीच. तुटलेला पायही असाच, कातीगणिक, पुन्हा येतो.

कवच कठीण करण्यासाठी कॅल्शियम हवे. ते कल्ल्यांवाटे पाण्यातून आणि जुनी कात खाऊन मिळते, त्यामुळे कात टाकीतच राहू द्यावी. सह्याद्रीच्या काळ्या खडकावरून धरणात येणारे पुण्याचे पाणी बऱ्यापैकी मृदू असल्याने टाकीत प्रवाळाचा चुरा किंवा समुद्रफेसाचा (कटलफिशच्या अंगातील चुनखडी कवचाचा) तुकडा ठेवणे इष्ट. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी काढावेच लागते. सोबती खेकडे मऊ भाईबंदाला खाण्यास मागेपुढे पाहत नाहीत. तेव्हा लपायला दगड, कौलांचे तुकडे भरपूर असावेत.

दुकानांत ‘गोड्या पाण्यातले’ म्हणून विकले जाणारे लाल नांग्यांचे छोटे खेकडे मूळचे खारफुटीच्या चिखलातले आहेत. त्यांना निमखारे पाणी लागते, आणि तेही मत्स्यालयासाठीच्या सागरी मिठाचे. स्वयंपाकघरातील मीठ चालत नाही. पाण्याबाहेर येण्यासाठी उतरती जागाही हवी. झाकण घट्ट नसेल तर ते हवेच्या नळीवरून निसटतात आणि बाहेर कल्ले सुकून मरतात.

टाकी ईशान्येला ठेवल्यास धनलाभ होतो, असे वास्तुतज्ज्ञ सांगतात. खेकड्याला दिशेचे काही सोयरसुतक नाही, मात्र पश्चिमेच्या खिडकीतले ऊन टाकीवर पडले तर उन्हाळ्यात पाणी तापून त्यातला प्राणवायू घटतो. थंडीत मात्र पुण्याचा पारा 10 अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा पाणी 24 ते 28 अंशांवर राखणारा हीटर लागतो.

माशांच्या रोगांवरील औषधांत पुष्कळदा तांबे असते. खेकड्याच्या रक्तात प्राणवायू वाहणारे हिमोसायनिन स्वतः तांब्यावर चालते, तरीही पाण्यात विरघळलेले तांबे त्याच्या कल्ल्यांना घातक ठरते. म्हणून आजारी मासा वेगळ्या भांड्यात घेऊनच त्याच्यावर उपचार करावेत.